काचेवरची बांगडी

सर कधी खेळायचे नाहीत. गल्लीत हे कुणाला पटत नसे. "जन्मभर भूमिती शिकवली अन् म्हातारपणी टीव्हीवर पोरासोरांचे खेळ खेळून राह्यले मास्तर," असं आमच्या खामगावच्या नळावर रोज बोललं जाई. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते, म्हणून मला खरं काय ते माहीत आहे. सर खेळ लावायचे, त्याच्याकडे टक लावून बघायचे, टीव्हीच्या मागे हात घालून काहीतरी पिळायचे, पुन्हा बघायचे, उसासा सोडायचे आणि बंद करायचे. "एक डाव खेळा की," असं कुणी म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं.

"आधी नीट दिसू द्या. मग खेळू."

हे खेळ ज्याच्यावर चालत तो कॉम्प्युटर त्यांच्या भाच्याने अमेरिकेहून येताना आणला होता. तिकडे तो कधीच जुना होऊन अडगळीत पडला होता. आमच्या गल्लीने पाहिलेला पहिला कॉम्प्युटर मात्र तोच. आमच्याकडे नवं म्हणून जे येतं ते कुणाच्या तरी अडगळीतून येतं, यावर मी तेव्हा एक पत्रक लिहिणार होते. दिसायला तो जाड टाइपरायटरसारखा होता. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरातल्या टीव्हीला जोडावा लागे. खेळ कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावली की ती रातकिड्यासारखी किरकिरत बसे आणि चहा होऊन निवेपर्यंत खेळ यंत्रात उतरत राही. तेवढ्यात वीज जरा जरी लचकली की उतरलेलं सगळं पुसलं जाई, आणि पुन्हा पहिल्यापासून.

यंत्र अमेरिकेच्या विजेवर आणि अमेरिकेच्या टीव्हीसाठी बनलेलं. सरांचा टीव्ही इथला, काळापांढरा, मागे बटणांची रांग असलेला. दोघांचं जमायचं नाही. चित्र रहाटासारखं वर वर फिरत राहायचं. एक बटण पिळून सर ते थांबवायचे, तर ते रंगाशिवाय आणि आवाजाशिवाय उभं राहायचं. मुकं चित्र. त्याचंही सरांना काही नव्हतं. त्यांना छळायचा तो सूर्य.

त्यांचा आवडता खेळ असा होता: पडद्याच्या मधोमध एक सूर्य, म्हणजे एक पांढरं वर्तुळ. त्याच्याभोवती एक चिमुकलं यान फिरवायचं, सूर्यात पडू द्यायचं नाही. पण आमच्या टीव्हीवर तो सूर्य गोल दिसेना. वरून दाबलेल्या भाकरीसारखा आडवा पसरायचा. जन्मभर फळ्यावर हाताने वर्तुळ काढून पोरांना थक्क करणाऱ्या माणसाला हे कसं सोसावं? सर काकूंची हिरवी बांगडी मागून घ्यायचे, टीव्हीच्या काचेवर सूर्यावर टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने मागचं उंचीचं बटण पिळत राहायचे. सूर्याची कड बांगडीच्या कडेला सगळीकडून लागली पाहिजे, ही त्यांची कसोटी.

काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लोकांचे नवरे बांगड्या घेऊन येतात. माहे घेऊन जातात."

"परत देतो ना!"

"देता. पण त्याच्यावर बोटाचे ठसे अन् तुमचे उसासे लागलेले असतात."

माझं बालपण पत्रकांवर गेलं. जळगाव जामोदला आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, वडिलांच्या सभांची पत्रकं होती. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे मला वाटायचं की वाक्य म्हणजे हाक, आणि हाकेच्या शेवटी मूठ आवळलेली असलीच पाहिजे. मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक सर मागून घेऊन वाचायचे. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून.

"इथं 'सगळे कामगार पेटून उठले आहेत' लिहिलं. सगळे?"

"बहुतेक."

"मग बहुतेक लिही."

"सर, 'बहुतेक कामगार पेटून उठले आहेत' याने कोण पेटेल?"

"नाही पेटलं तर नाही पेटलं. पण दबलेल्या सूर्याले गोल म्हनू नको, पोरी."

मला राग यायचा. शांत माणसांचा मला तेव्हा फार राग यायचा. पण सर शांत नव्हते, हे मला उशिरा उमगलं. ते सदैव धास्तावलेले असत. टीव्हीशेजारी लोखंडी पेटीसारखा स्टॅबिलायझर होता, त्याच्या काट्यावर त्यांचा एक डोळा कायम असायचा. वीज खाली-वर झाली की तो आतून कट्ट वाजायचा आणि सर बसल्या जागी दचकायचे. जेवतानाही एक हात त्या पेटीवर, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. ती धास्ती घरभर पसरली होती. मी माडीवर लिहीत असायची आणि खालून कट्ट ऐकू आलं की माझंही पेन थांबायचं. काही वाईट झालं का? कुणाला?

या सगळ्यात भर होती जिनची, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याची. आमच्या गल्लीची आणि पलीकडच्या एका कापसाच्या जिनची वीज एकाच लायनीवर होती. सकाळी जिनचा भोंगा व्हायचा, आत मोठी मोटर सुरू व्हायची आणि इकडे सरांचं चित्र चारी बाजूंनी आकसायचं. काळी चौकट रुंद व्हायची, सूर्य बारीक व्हायचा, बांगडी त्याला ढिली पडायची.

"आकसलं!" सर ओरडायचे. रोज ओरडायचे. जणू रोज पहिल्यांदाच होतंय.

दुपारी जेवायच्या सुट्टीचा भोंगा झाला की चित्र भरायचं. सुट्टी संपली की पुन्हा आकसायचं. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, कापसाचा हंगाम असेतो, हेच चालायचं. सर हंगामाला शिव्या देत नसत, पण वाट मात्र बघत बसत, तो संपायची.

आणि मी त्याच जिनमधल्या बायकांसाठी खामगावात येऊन राहिले होते.

जिनमध्ये सरकी वेगळी करणारे रेचे असतात. त्यांच्या फिरत्या रोळांपुढे बायका दिवसभर कापूस सारत असतात. त्या रोळांवर जाळी नव्हती. हंगामाच्या मध्यावर एका बाईची बोटं आत गेली. तेव्हा शेवंताबाई नावाची दुसरी बाई मालकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, जाळ्या बसवा. शेवंताबाई धाड गावाकडची, अंगाने काटकी, बोलणं विळ्यासारखं. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या बायकांना गेटवरूनच परत पाठवलं. मग आत होत्या त्याही बाहेर आल्या. जिन बंद पडली.

बंदच्या पहिल्या सकाळी भोंगा झाला नाही. मी घाईने बाहेर निघाले होते, तर सर दारात उभे, डोळे चमकत होते.

"ये, ये, पाह्य! भरलं! कडेपर्यंत भरलं!"

पडद्यावर सूर्य होता. खरंच गोल. सरांनी काकूंची बांगडी टेकवली, तर ती त्याच्यावर अशी बसली की सूर्याला हिरवी कड आल्यासारखी.

मी पेटले. "सर, तिकडे बायांच्या घरी चुली विझायची वेळ आली आहे आणि तुम्हाला चित्र भरल्याचा आनंद झाला?"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बांगडी काचेवरून काढून घेतली. "हो. ते बी खरं आहे," ते म्हणाले. "अन् भरलं, हे बी खरं आहे. काय करू?"

"खेळा आता. नीट दिसतंय ना!"

पण ते खेळले नाहीत. काकूंनी नंतर सांगितलं, त्या दिवशी त्यांनी यंत्र बंद करून वर टॉवेल टाकला.

बोलणी सुरू झाली. सरकारी अधिकाऱ्यासमोर दोन्ही बाजूंनी एक गोष्ट कबूल केली होती: बोलणी चालू असेतो मालकाने जिन चालवायची नाही आणि बायकांनी गेटकडे फिरकायचं नाही. कुणी मोडलं की बोलणी मोडली. गेटवर पोलीस गाडी होती. बायका गेटवर गेल्या असत्या तर मालकाला हवं तेच झालं असतं. सगळ्यांना काढून नवी माणसं भरायला कारण मिळालं असतं. पण मालकाने आत बाहेरची माणसं आणून गुपचूप जिन चालवली, तर इकडे बायका चर्चेची वाट बघत बसणार, तिकडे कापूस संपणार, आणि कापूस संपला की बंदला विचारतो कोण? त्या रस्त्याला दुसऱ्या जिन होत्या, तेलाच्या घाण्या होत्या, दिवसभर घरघर. आवाजावरून काही कळत नसे. भिंत उंच. मी झोपेतही कान देऊन असायची.

आणि एका सकाळी खालून आवाज आला.

"आकसलं!"

मी जिना उतरले नाही, कोसळले. पडद्यावर काळी चौकट रुंद झालेली, सूर्य बारीक, बांगडी ढिली.

"जिन सुरू झाली," मी म्हणाले.

"आकसलं म्हनलो मी," सर म्हणाले, "जिन नाही म्हनलो."

पण मी चपला घातल्या होत्या. शेवंताबाईच्या वस्तीत चिंचेखाली मी सांगितलं, आणि बायकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी विसरणार नाही. भीती आणि सुटका, दोन्ही एकदम. किती दिवस हात बांधून बसायचं? शेवंताबाईने पदर खोचला. "चला मंग. दुपारून गेटवर. अन् त्या मालकाले बांगड्यांचा आहेर करू. ज्याच्या घरी जशी असन तशी आना व."

बायका घरोघर पांगल्या. मी पत्रक लिहायला परत आले. छापखान्यात सांगून ठेवलं होतं, मजकूर आला की लगेच लावतो म्हणाले होते. मथळा माझ्या डोक्यात तयार होता: 'मालकाचा विश्वासघात!' मी माडीवर चढणार, तर सर पायरीवर आडवे उभे. अंघोळ नाही, दाढी नाही, हातात बांगडी.

"पोरी, जेवायची सुट्टी होऊ दे."

"सर, वेळ नाही."

"थोडा थांब. सुट्टी झाली की पाहू. जिन असन तर दुपारी भरन. बाकीच्या जिनचा भोंगा होतेच की."

"आणि नाही भरलं तर?"

"तर मग ते जिन नाही."

मला ओरडावंसं वाटलं. तिकडे बायका पदरात बांगड्या जमवत होत्या आणि हा माणूस मला एका दबलेल्या सूर्यापुढे बसवत होता. पण काकूंनी माझा हात धरून मला पाटावर बसवलं आणि समोर ताट ठेवलं. "बस व. उपाशी पोटी भांडशील अन् घेरी येईन."

आम्ही तिघं बसलो. कुणी घास घेतला नाही. बांगडी काचेवर धरून सर पडद्याकडे, मी सरांकडे, काकू दोघांकडे बघत होत्या. स्टॅबिलायझर कट्ट वाजला. चित्र हळूच फुगलं, बांगडीला भिडलं, आणि मी "बघा!" म्हणेपर्यंत पुन्हा आकसलं. असं अधूनमधून होत राहिलं. श्वास घेतल्यासारखं. मग दूरवर सुट्टीचा भोंगा झाला, शेजारच्या जिनचा. आम्ही तिघंही पुढे वाकलो.

चित्र आकसलेलंच राहिलं. मग त्याच्या लहरीने फुगलं. पुन्हा आकसलं.

सरांनी हलकेच मान हलवली. "हे जेवलं नाही."

"म्हणजे?"

"जिन दुपारी जेवते, पोरी. माणसं रेच्यावरून उठतात, भाकर सोडतात. इतकी वर्सं पाहून राह्यलो, एक दिवस चुकलं नाही. ह्याले भूक नाही. अन् जिन एकदा धरली की सुट्टीपर्यंत सोडत नाही. हे धरते, सोडते, धरते. माणसाचं काम नाही हे."

"मालक उपाशी राबवत असेल बाहेरच्यांना!"

"असू शकते. पण मग मधीच सोडते काऊन?"

"मग आहे तरी काय?"

"मले ठाव नाही."

एवढा चीड आणणारा शब्द मी दुसरा ऐकला नाही. कुठल्याच पत्रकात तो नसतो. मी म्हणाले, "हे 'ठाव नाही' तुम्ही चला आणि बायांपुढे सांगा. माझ्याने नाही सांगवणार."

मला वाटलं होतं ते माघार घेतील. सर बाजारातसुद्धा जात नसत. घराबाहेर असताना वीज गेली तर, हे कारण. ते उठले. टोपी घातली. काकूंचा हात धरून स्टॅबिलायझरवर ठेवला, म्हणाले, "ह्याच्याकडे पाह्यजो," आणि निघाले. बांगडी हातातच राहिली होती.

चिंचेखाली बायका जमल्या होत्या. मधोमध जुन्या लुगड्याच्या एका धडप्यात बांगड्यांचा ढीग: काचेच्या, लाखेच्या, पोरीबाळींच्या इवल्या. सर जवळ येताच कुणीतरी ओरडलं, "माय व! मास्तर बी बांगडी घेऊन आले!"

"टाका मास्तर, मालकाच्या आहेरात!"

"नाही, नाही," सर गडबडले. "ही माही आहे."

हशा उसळला. शेवंताबाईसुद्धा हसली. त्या हशात सरांनी सांगायला सुरुवात केली आणि तो विरत गेला.  सूर्य, बांगडी, चौकट, सुट्टीचा भोंगा. बायकांना टीव्हीचं कितपत कळलं कोण जाणे. शेवटी ते म्हणाले, "हे दुपारी जेवलं नाही. म्हनून जिन नाही."

मागून एकजण फटकारून म्हणाली, "मालकानं पाठवला असन हा म्हातारा."

सर पांढरे पडले. "मी चुकू शकतो," ते म्हणाले. "चुकलो तर उद्या गेटवर सगळ्यात पुढे मी उभा राहीन. लाठी पह्यली मले."

मला वाटलं, संपलं. 'मी चुकू शकतो' म्हणणाऱ्याचं सभेत कोण ऐकतं? पण शेवंताबाई विचार करत होती. तिने एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "काकी, सुट्टीत रेचे कधी चालू राह्यले व?"

"कायचे राह्यते! भाकर सोडली नाई तं हात चालते का?"

शेवंताबाईने धडप्याची गाठ मारली. "माणसं असती तं जेवली असती," ती म्हणाली. "आजचा दिस थांबू."

 माझ्या झोळीत पत्रकाचा कागद होता, मथळा लिहिलेला, खाली काही नाही. छापखान्यात मी गेले नाही. सगळी संध्याकाळ आम्ही त्या पडद्यापुढे बसून होतो. चित्र फुगत होतं, आकसत होतं. सर मधूनच म्हणायचे, "चुकलो असन तर?" आणि मी एरवी ज्याच्यासाठी त्यांच्याशी भांडले असते तेच त्यांना समजावत होते: "सर, जे दिसलं तेच तुम्ही बोललात." मला स्वतःला ते अजिबात पुरेसं वाटत नव्हतं. म्हातारा चुकला असेल तर बायकांचा हंगाम गेला होता, आणि त्यांना थांबवणाऱ्याला बोलावून आणणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा दारात शेवंताबाई उभी. खांद्यावर ओलं पोतं. तिने ते ओसरीवर आपटलं. भुसा उडाला आणि आतून बर्फाची लादी निघाली, अर्धी वितळलेली.

"घ्या मास्तर," ती म्हणाली, "हे तुमचं ठाव नसलेलं!"

उन्हाळा लवकर चढला म्हणून आमच्याच लायनीवर नव्याने बांधलेला बर्फाचा कारखाना आदल्या सकाळपासून सुरू झाला होता. शेवंताबाईला रस्त्यात बर्फाची हातगाडी भेटली, तिने गाडीवाल्याला धरून सगळं विचारून घेतलं होतं: तिथलं यंत्र आपोआप धरतं, आपोआप सोडतं, सुट्टी पाळत नाही. सर लादीजवळ उकिडवे बसले आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. हात बधिर झाला असेल, तरी काढला नाही. काकूंनी थोडा बर्फ फोडून सरबत केलं. शेवंताबाईने दोन पेले घेतले.

बोलणी आणखी रेंगाळली, पण मोडली नाहीत. जाळ्या बसल्या. शेवंताबाई आणि बाकीच्या बायका आत गेल्या. ते काही फार मोठं नव्हतं, बोटं गेलेल्या बाईला बोटं परत मिळाली नाहीत. त्यावर मी नंतर जे पत्रक लिहिलं त्यात 'सगळ्या' असं कुठेच लिहिलं नाही.

कामावर जायच्या सकाळी शेवंताबाई गल्लीतून गेली. जाता जाता तिने बांगड्यांचं धडपं सरांच्या ओसरीवर ठेवलं. "ज्यांच्या होत्या त्यांनी आपापल्या नेल्या. ह्या उरल्या. तुमच्या कामी येतीन." आणि ती वळणावर दिसेनाशी झाली.

सर खेळ लावून बसले होते. कॅसेट किरकिरून झाली होती, बर्फाच्या कारखान्याने नेमकी तेवढ्यात वीज सोडली होती. सूर्य भरलेला, गोल, काकूंच्या बांगडीत नेमका बसलेला.  आम्ही सगळे कशाची वाट बघत होतो, ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

भोंगा झाला.

चित्र चारी बाजूंनी आत आलं. हिरवी बांगडी ढिली पडली. मी सरांकडे पाहिलं. या खेपेला ते ओरडले नाहीत. त्यांनी बांगडी काचेवरून काढून काकूंच्या हातात दिली, खरंच परत दिली. मग ओसरीवरचं धडपं उघडून त्यातल्या बांगड्या ते एकेक काचेवर लावून बघू लागले. ही मोठी. ही तरी मोठीच. ही लाखेची, जाड. शेवटी कुणा लेकीची एक इवली पिवळी बांगडी सूर्यावर टेकवली, मागे हात घालून बटण जरासं पिळलं, मान तिरकी केली.

"गोल आहे," ते म्हणाले. "लहान आहे. पण गोल आहे."

आणि त्यांनी यंत्र बंद केलं नाही, स्वतःच्या मांडीवर घेतलं. एक हात सवयीने स्टॅबिलायझरवर, दुसऱ्याची तर्जनी कळांवर ठेवली, वर्गात पहिल्यांदा उभं केलेल्या मुलासारखं अंग चोरून.

यान उडालं, भेलकांडलं आणि काकू "अहो, अहो!" म्हणेपर्यंत सरळ सूर्यात जाऊन पडलं.

सर इतके हसले की त्यांचा हात स्टॅबिलायझरवरून सुटला.